भानुदास सरांची पुढे चाल

माकणीकडून आमच्या गावाला वळायच्या फाट्यावर एक फ्लेक्स आहे. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर मला माहेरी जाणं अवघड होईल. फ्लेक्सवर वर देवीचा फोटो, मधे नव्या सरपंच पल्लवीताई हात जोडून उभ्या, आणि त्यांच्यापेक्षा मोठा फोटो त्यांच्या सासऱ्याचा, म्हणजे आमच्या भानुदास सरांचा. भगवा फेटा, कपाळभर गुलाल, तोंडभर हसू. खाली लिहिलंय, 'बिनविरोध निवडीबद्दल समस्त ग्रामस्थांचे आभार.' उन्हानं रंग उडाला, कडा फाटल्या, पण काढायचं कुणी मनावर घेत नाही. मी वाशीला शाळेत शिकवते. सुट्टीत माहेरी आले की रिक्षा नेमकी तिथंच थांबते आणि ते हसू बघून माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, झालं गेलं सोडून दे. सोडून द्यायला मी काय त्यांच्या वर्गात नापास झालेली पोरगी आहे? मी त्यांची गडी होते.

गडी हा त्यांचाच शब्द. सर आमच्या हायस्कूलला पी.टी.ला होते आणि खो-खोच्या पोरींना ते गडी म्हणायचे. "ए गडी, केस बांध." "गडी, आईला सांग उद्या लौकर सोडायला." आमच्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. ज्या घरात पोरीला एकटीला दुकानाला पाठवत नाहीत त्या घरातली पोर हाफ पँट घालून परजिल्ह्यात खेळून येते, आणि बाप पारावर बसून तिचं कौतुक सांगतो. आमच्या गावात हे घडवलं ते या एका माणसानं. ते मी आजही नाकारत नाही.

उंची बेताची, पाय काडीसारखे, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला खाकरले तर त्या टोकाची पोरगी ताठ बसायची. सायकलच्या हँडलला एक पिशवी, तिच्यात फक्की, म्हणजे मैदान आखायची चुन्याची भुकटी. आखणी स्वतः करायचे, शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यामुळं पॅन्टवर गुडघ्यापर्यंत कायम पांढरे डाग. लग्नाकार्यालाही तीच पॅन्ट. त्यांच्या घरच्या काकू म्हणायच्या, ह्यांनी माझ्याशी कशाला लगीन केलं, मैदानाशीच करायचं होतं. सर त्यावर नुसते हसायचे आणि डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकायचे.

त्यांच्या खोड्या आम्हाला पाठ होत्या. आपल्या टीमसाठी टाळी वाजवायची नाही. मॅच संपली की आधी समोरच्या टीमकडं जायचं. त्यांच्या पोरींना पाणी, त्यांच्या पोरींची पाठ थोपटणं, आणि आम्ही इकडं धापा टाकत उभ्या. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, सर, तुम्ही आमचे का त्यांचे? तर म्हणाले, "त्या आल्या नसत्या तर आज तू कुणाला पळवलं असतंस? तुझ्या आज्याला?" सगळ्या पोरी खिदळल्या. माझा आजा तेव्हा काठी टेकत चालायचा.

आणखी एक होतं. जिंकलो की नुसता चहा, हरलो की भजी. लोहाऱ्याच्या स्टँडवर गाड्याजवळ आम्हाला रांगेत उभं करायचे आणि कागदात गरम भजी द्यायचे. जिंकलेल्याचं पोट भरलेलं असतं, म्हणायचे, भूक लागती ती हरलेल्याला. आम्ही मुद्दाम हरायचं ठरवतो अशी थट्टा करायचो. पण हरून आलेली पोर भजी खाताना रडत नसे, हेही खरं.

आमच्यातली सगळ्यात चपळ पोरगी सोजर. तिचं घर गावाबाहेर वस्तीवर, बाप मेंढरं राखायचा. आठवीत असताना बापानं तिला शाळेतून काढायचं ठरवलं. एकटा माणूस, कळप मोठा, पोरगी हाताशी हवी. सर त्याच्याकडं गेले, समजावलं, तो काही ऐकेना. म्हणाला, मास्तर, तुमच्या त्या खो-खोपायी माझी मेंढरं कोण बघणार? सर म्हणाले, रविवारी मी बघतो, तू तिला सोड. आम्हाला वाटलं बोलण्यातली गोष्ट. पण पुढच्या रविवारी सर खरंच काठी घेऊन माळावर. मेंढरांना काय माहीत हे पी.टी.चे सर आहेत. त्यांनी शिट्टी वाजवली तर कळप उधळला आणि एका पाटलाच्या ज्वारीत घुसला. पाटलानं भर माळावर त्यांना जे झापलं ते गावभर झालं. सोमवारी शाळेत पोरं मागून 'ब्यॅ' करायची. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गेले, या वेळी शिट्टी घरी ठेवून. सोजरनं दहावी केली ती अशी.

आता मुख्य सांगते, त्याशिवाय माझा राग कळणार नाही.

तालुक्याची स्पर्धा होती आणि आम्ही उपांत्य फेरीत. समोरची टीम लांबच्या गावची, चांगली होती, तिनं आदल्या वर्षी आम्हाला धुतलेलं. वेळ झाली तरी त्यांचा पत्ता नाही. आयोजकांनी थोडं थांबून जाहीर केलं, अमुक शाळेला पुढे चाल. समोर टीम आली नाही की न खेळता पुढच्या फेरीत पाठवतात, त्याला पुढे चाल म्हणतात. आम्ही उड्या मारायला लागलो. फायनल! सोजरनं तर मातीत कोलांटी मारली. सर मात्र टेबलाकडं गेले आणि विचारायला लागले की समोरचे गडी कुठायत. कुणीतरी म्हणालं, त्यांची जीप वाटेत बंद पडली असं कळलंय. सर म्हणाले, मग थांबा. आयोजक म्हणाले, नियम आहे सर, तुमचा फायदाच होतोय, तुम्ही कशाला वाद घालताय. सरांनी कुणाचीतरी मोटारसायकल मागितली आणि गेले.

परत आले ते कांद्याच्या टेम्पोच्या पुढं. टेम्पोत त्या सगळ्या पोरी उभ्या, अंगावर कांद्याची सालपटं. सरांनी आयोजकांच्या हातापाया पडून मॅच लावायला लावली. मॅच झाली आणि आम्ही एका गुणानं हरलो.

परत येताना सोजर सरांशी बोलली नाही. भजी दिली तर तिनं कागद खाली ठेवला. गावात तर गहजबच झाला. पोरींचे बाप पारावर जमले आणि म्हणाले, असा कसला मास्तर, हातात आलेलं ताट दुसऱ्याला देऊन आला. सर तिथंच उभे होते. म्हणाले, "ताट आलं व्हतं, पर त्यात जेवान नव्हतं." दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्हाला गोल बसवलं आणि फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की समोर गडी पाहिजे, तो असला तरच आपण किती पळतो ते कळतं, पुढे चाल घेऊन पुढं गेलेलं माणूस पुढं गेलेलं नसतं, ढकललेलं असतं. सोजर खाली बघत मातीत रेघोट्या मारत होती. त्यानंतर ती सरांवर कधी रुसली नाही. आमच्यात सरांचा शब्द सगळ्यात जास्त कुणी धरला असेल तर तिनं.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, नोकरी लागली. सोजरला तिच्या मामाच्याच पोराला दिली, तो गावातलाच, म्हणून ती गावात राहिली. वस्तीवर तिनं पिठाची गिरणी टाकली, बचत गट उभा केला. नवरा बापू साधा माणूस, बायको पुढं चालते याचं त्याला वाईट वाटत नाही. सर रिटायर झाले. त्यांचा मुलगा संदीप कंत्राटं घ्यायला लागला, घरावर मजला चढला, दारात पांढरी गाडी आली. सर मात्र तेच, सायकल आणि शेंगदाणे. निदान मला तसं वाटत होतं.

सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि गावातल्या मोठ्या माणसांनी देवळात बैठक घेतली. या वेळी बिनविरोध करायचं. बिनविरोध गाव म्हणजे शहाणं गाव, वरून निधी मिळतो, भांडणतंटा नाही, अशी भाषा. नाव ठरलं पल्लवीचं, संदीपच्या बायकोचं. पल्लवी वाईट मुलगी आहे असं मी म्हणणार नाही. शिकलेली आहे, कुणाला तोडून बोलत नाही. पण ठरवणाऱ्या त्या बैठकीत ती स्वतः नव्हती. बाई एकही नव्हती.

सदस्यांच्या जागा आपापसात वाटून झाल्या होत्या. सरपंचपदाला मात्र दोन अर्ज आले. दुसरा सोजरचा.

तिनं मला फोन करून बोलावलं. ये गं, म्हणाली, माझ्याबरोबर फिरायला एक तरी गडी पाहिजे. मी रजा टाकून गेले. चिन्हांमध्ये तिनं पहिली पसंती शिट्टी लिहिली होती आणि त्याचं तिला स्वतःलाच इतकं हसू येत होतं की सांगताना डोळ्यांत पाणी आलं. सरांना अजून सांगितलं न्हाय, म्हणाली, चिन्ह मिळालं की जाऊन पाया पडते. मी म्हटलं, वेडे, त्यांच्या सुनेच्या विरोधात उभी राहतेस आणि त्यांच्याच पाया पडणार? ती म्हणाली, "मग? समोरच्या टीमला आधी पाणी कोण पाजायचं?"

त्या संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर बसून मी तिला खरंखरं विचारलं, की निवडून येशील का. तिनं एक क्षणही घेतला नाही. न्हाय, म्हणाली. गाव मोठं, वस्ती लहान, पैसा त्यांच्याकडं, भावकी त्यांची. पडणार हे तिला पक्कं माहीत होतं. "पर मी उभी हाय म्हणल्यावर पल्लवीला माझ्या वस्तीवर मतं मागायला यावं लागंल का न्हाय?" ती म्हणाली. "आली की बाया तिला रिकामी घागर दाखवतील. गावात नळ आला, वस्तीवर आला न्हाय, ते तिला उत्तर द्यावं लागंल. मग ती निवडून येऊ दे की. आमचं बोलणं ऐकून निवडून आलेली असंल." मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवते, पण हे मला असं सांगता आलं नसतं, आणि तिला ते कुणी शिकवलं होतं हे मला चांगलं माहीत होतं.

दुसरा दिवस माघारीचा. सकाळी सर आले, एकटे. मला वाटलं, आशीर्वाद द्यायला आले. खरंच तसं वाटलं, इतकी मी भोळी. सोजरनं गिरणी बंद केली, हात पुसले, खुर्ची दिली. ते बसले नाहीत. मी आत दळणाच्या डब्यांपाशी होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"सोजर," सर म्हणाले, "माघार घे. गावाचा एकोपा राहू दे."

सोजर हसली. "सर, परीक्षा घ्यायलाव का माझी?"

"न्हाय. तू पडशील पोरी. पडल्यावर हसं व्हईल. अन् गावात दोन तट पडतील ते येगळंच."

"पडू द्या की सर. तुम्हीच म्हणायचाव ना, समोर गडी पाहिजे."

त्यांना काही आठवेल असं मला वाटलं. सर भिंतीवरच्या पिठाकडं बघत म्हणाले, "खेळ येगळा, गाव येगळं."

एवढंच. चारच शब्द, आणि आमची सगळी शाळा त्यांनी त्यात बुडवली. मग त्यांनी हात जोडले. ज्या माणसापुढं आम्ही कधी मान वर करून उभ्या राहिलो नाही, त्यानं आपल्या गड्यापुढं हात जोडले, आणि ते हात लेकाच्या घरात सरपंचपद यावं म्हणून जोडले होते. संदीपनं पाठवलं असेल, पाटलांनी पाठवलं असेल, काकूंनी रडून गळ घातली असेल. असेल सगळं. पण आले ते स्वतःच्या पायानं, आणि ज्याच्या शब्दाला ती नाही म्हणणार नाही असा गावात एकच माणूस आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असून आले. मला राग आहे तो याचा. संदीप आला असता तर सोजरनं त्याला हाकलून दिलं असतं.

ती तहसीलला गेली. बापूनं गाडी काढली आणि मी मागून रिक्षानं गेले. तिनं सही केली, बाहेर आली, झाडाखाली बसली. मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तू मूर्ख आहेस, त्या म्हाताऱ्यानं तुला गंडवलं, तुझ्या जीवावर त्यांनी ताट वाढून घेतलं. ती ऐकत होती. शेवटी एकच बोलली.

"त्यांनी माझी मेंढरं राखल्यात."

आम्ही परत आलो तेव्हा वेशीत डीजे लागला होता. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं होतं, गुलाल उधळत होते, आणि सर हात वर करून हसत होते. कुणाला हरवलं म्हणून हा गुलाल, ते कुणी कुणाला विचारत नव्हतं. आमच्या मॅचनंतर कधी टाळी न वाजवलेला माणूस त्या दिवशी टाळ्या वाजवत होता. घरी जाऊन मी आईला म्हटलं, पुढे चाल मिळाली गं सरांना. तिला काही कळलं नाही.

पल्लवी सरपंच झाली. वस्तीवर ती अजून गेलेली नाही. जायचं कारणच काय? मत मागायला लागलं नाही, त्यामुळं कुणी घागर दाखवली नाही. नळ अजून गावाच्या शेवटच्या घरापाशीच थांबलाय. सोजर गिरणी चालवते आणि सर रस्त्यात दिसले की वाकून नमस्कार करते. मी करत नाही. माझ्याच्यानं होत नाही.

सर मला शेवटचे भेटले ते लोहाऱ्याच्या स्टँडवर. मी वाशीला निघाले होते, ते तुळजापूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी पॅन्ट, इस्त्रीची. माणसं येऊन रामराम घालत होती. मी तोंड फिरवून जाणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "ए गडी." पाय थांबले माझे. सवय असते ना शरीराला.

लेकरं कशी आहेत विचारलं, शाळेचं विचारलं, चहा पाजला. म्हातारे झाले होते. मी मोजकं बोलत होते. मग त्यांनी हळूच विचारलं की सोजर त्यांच्यावर रागावली आहे का. नमस्कार करती, म्हणाले, पर बोलत न्हाय. मी म्हटलं, नाही सर, ती रागावलेली नाही. राग मला आहे. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना माहीतच होतं. म्हणाले, तिच्याच भल्यासाठी केलं, पडली असती तर जन्मभर लोकांनी बोलून दाखवलं असतं, मी तिला त्यातून वाचवलं.

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. कंडक्टरनं ओळखलं, हाताला धरून वर घेतलं, लोकांनी खिडकीची जागा करून दिली. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"सर, आपण पडणार हे सोजरला आधीच माहीत होतं. तिनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं."

सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, मैदानात एखादी पोरगी उलट्या बाजूला पळाली की पडायच्या तशा.

"पडणार हे ठावं व्हतं?" ते म्हणाले. "मग उभी कशाला ऱ्हायली?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसणारच होते. गाडी सुरू झाली, मागं सरकली, वळली, आणि सर मान वाकडी करून माझ्याकडं बघतच राहिले, उत्तराची वाट बघत. ती थट्टा नव्हती. ते खरंच विचारत होते.